पित्त

दाराला आतून कडी होती. आमच्या घराला दिवसा कडी लागत नसे. पुढे शाळेच्या गणवेशांचं दुकान, मागे राहतं घर, वर आमची एक खोली. एप्रिल-मे म्हणजे दुकानाचा हंगाम. चारही मशिनी खडखडत असायच्या आणि कारागिरांपैकी कोणी ना कोणी पाणी प्यायला आत येतच असे. मी दवाखान्यातली सकाळपाळी संपवून, फलटणचं चैत्रातलं ऊन डोक्यावर घेऊन दारात उभी. तिसऱ्यांदा वाजवलं तेव्हा वन्संनी, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेनं, दार उघडलं.

“अगंबाई, प्रमिला! आज लवकर?”

“रोज याच वेळेला येते, वन्सं.”

“हो का? मला मेलीला काय माहीत, मी कालच तर आले.”

पनवेलहून त्या आदल्या संध्याकाळीच आल्या होत्या, चार वर्षांच्या टिंकूला घेऊन. दार उघडलं तरी दारातून हलायला काही तयार नव्हत्या. मी त्यांच्या काखेखालून वाकून आत गेले.

माजघरात सगळ्यांच्या तोंडावर चोरून दूध प्यालेल्या मांजराचा भाव. सासूबाई पाट भिंतीला लावून ठेवत होत्या आणि दुसऱ्या हाताने फरशीवरचं काहीतरी पदराने गोळा करत होत्या. हेमा, माझी धाकटी जाऊ, नवी हिरवी साडी नेसून कोपऱ्यात उभी. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी तेव्हा दवाखान्यात सगळ्यांना सांगायची. खरं तर त्या बिचारीत तिखट काही नव्हतंच. सासूबाई तिला डोक्यावर घेऊन नाचत आणि ते मला खुपत असे, एवढंच.

मधोमध टिंकू उघडा उभा. अंगावर गुलाबी पुरळ. वन्सं लगबगीने त्याच्याकडे गेल्या आणि वाटीतलं आमसुलाचं पाणी त्याच्या पाठीला चोळू लागल्या.

“पित्त उठलंय गं पोराला. काल एसटीच्या स्टँडवर भजी खाल्ली ना. म्हणून तर कडी लावली होती. उघडं अंग, वारं लागायला नको.”

एप्रिलमध्ये वारं! पंखा भणभणत होता डोक्यावर. पण खोटं बोलायचं म्हटलं की आमच्या वन्संना ऋतूंचं भान राहत नसे.

मी पर्स ठेवली, हात धुतले आणि टिंकूला खिडकीपाशी उजेडात घेतलं. पित्ताच्या गांधी कशा असतात ते लहान पोरसुद्धा सांगेल. मोठ्या, उचललेल्या, आता इथे तर तासाने तिथे, आणि खाज अशी की माणूस नाचतं. इथे बारीक चपटे ठिपके होते. तोंडावर सुरू झालेले, गळ्यावरून छातीवर उतरलेले. टिंकू खाजवत नव्हता. कपाळ थोडं कोमट, नाक जरासं वाहतं, बाकी पोरगं मजेत. पुण्यात शिकत असताना आमच्या सिस्टर ट्यूटर म्हणायच्या, पुरळ डोळ्यांनी बघू नका, आधी पोराच्या कानामागे बोटं घाला. मी घातली. दोन्ही कानांमागे आणि मानेच्या खाचेत तुरीच्या दाण्यांएवढ्या गाठी हाताला लागल्या.

“पित्त नाही हे,” मी म्हणाले. “गोवर आहे.”

“गोवर?” सासूबाईंनी पाट सोडला. “तोंड सांभाळून बोल. घरात कार्य… घरात पोरंबाळं असताना असली नावं काढू नाईत.”

“मोठा गोवर नाही. याला जर्मन गोवर म्हणतात. तीन दिवसांत जातो.”

“जर्मन?” सासूबाई वन्संकडे वळल्या. “रजने, तुझा नवरा कुठं जर्मनीला जाऊन आला का काय?”

दोघी मायलेकी खो खो हसल्या. माझं शिक्षण या घरात नेहमी असंच खर्ची पडायचं. सून नर्स आहे म्हणून पाहुण्यांत मिरवायचं, तिचा पगार घ्यायचा, आणि तिने तोंड उघडलं की ‘आमच्या नर्सबाई’ म्हणून हसायचं.

“नर्सबाईंचं काई खरं न्हाई,” सासूबाई म्हणाल्या. “डॉक्टरांना बोलवा. दुकानातनं कुणाला तरी पाठवा.”

डॉक्टर ढवळे दोन आळ्या पलीकडेच बसत. ते आले. गोरे, गुबगुबीत, उन्हाळ्यातही टाय. गावात त्यांच्या हाताला गुण आहे अशी ख्याती होती. कुठलाही आजार असो, ते कॅल्शियमचं इंजेक्शन आणि लाल औषध देत. अंग गरम झालं की माणसाला वाटे, औषध लागू पडलं. त्यांनी टिंकूकडे खुर्चीवरूनच पाहिलं. हातसुद्धा लावला नाही. बहुधा आमसुलाचे डाग पडतील म्हणून.

“पित्त. त्यात उष्णता. काय खाल्लं होतं?”

“भजी,” वन्सं विजयी मुद्रेने म्हणाल्या.

“झालं तर मग.”

मी म्हणाले, “डॉक्टर, कानामागे गाठी आहेत. एकदा हात लावून बघा ना.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू खाटेनेच बोलायला सुरुवात केली होती.

“सिस्टर, डोक्यात उवा झाल्या की मागे गाठी येतात.”

“माझ्या पोराला उवा?” वन्सं कडाडल्या. “पनवेलला फ्लॅटमध्ये राहतो आम्ही!”

“तसं नव्हे हो ताई, एक शक्यता…” डॉक्टर जरा गडबडले आणि त्याचा राग त्यांनी माझ्यावर काढला. “गोवर असता तर ताप चढला असता, डोळे लाल झाले असते, खोकला असता. गोवर म्हणजे काय हे मला सांगू नका. निदान डॉक्टरांनी करायचं असतं. सिस्टरनी सलाईन लावायचं.”

“मी त्या गोवराचं म्हणतच नाहीये.”

“मग कोणत्या?”

“जर्मन,” सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा हसू उसळलं. या वेळी डॉक्टरही हसले.

मी खाली पाहिलं. टिंकूची चड्डी वर सरकली होती आणि त्याच्या मांडीला तांदळाचे दोन दाणे चिकटले होते. हळदीकुंकवाचे. मी एक दाणा नखाने काढला. आणि मग मला सगळं दिसलं: भिंतीला टेकवलेला पाट, सासूबाईंच्या पदरातला चिमूटभर तांदूळ, हेमाची हिरवी साडी, बंद दार. तिसऱ्या महिन्यात, कोणाला कळू न देता, घरातल्या घरात भरतात ती चोरओटी. मुलगा व्हावा म्हणून पोटुशीच्या मांडीवर कोणाचा तरी मुलगा बसवायचा. त्यासाठी पनवेलहून टिंकू मागवला होता. आणि कडी माझ्यासाठी होती. सहा वर्षांत माझे दोन गर्भ गेलेले; माझी सावली अशा ठिकाणी कशी चालेल?

दवाखान्यात मी रोज चार बायकांची पोटं तपासत होते. गावभरच्या बायकांना माझा हात चालायचा. घरातल्या बाईला माझी नजर चालत नव्हती.

पण तेव्हा राग बाजूला ठेवला मी. शपथेवर सांगते, तेव्हा ठेवला. पुण्यात असताना एक बाळ पाहिलं होतं, दोन्ही डोळ्यांत पांढरं पडलेलं. त्याच्या आईला गरोदरपणात अंगावर थोडं पुरळ उठलं होतं, एवढंच निमित्त. ते बाळ माझ्या डोळ्यांपुढे आलं.

“डॉक्टर,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “घरात कोणी गरोदर असेल तर?”

डॉक्टर थांबले. तेवढं तरी त्यांना शिकवलं होतं. “आहे का कोणी?”

मी हेमाकडे पाहिलं. हेमाने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी छताकडे पाहिलं.

“न्हाई बाई,” त्या म्हणाल्या. “आमच्यात कोण?”

“मग प्रश्नच नाही,” डॉक्टर म्हणाले आणि बॅग उघडली.

“आई, नीट ऐका,” मी म्हणाले. “हा रोग टिंकूला काही करणार नाही. पण पोटातल्या बाळाला करतो. पहिल्या तीन महिन्यांत तर फारच. डोळे जातात, कान जातात, हृदयाला भोक पडतं. कोणी असेल तर तिला आत्ता, या मिनिटाला, या पोरापासून लांब ठेवा आणि रक्त तपासायला पुण्याला पाठवा. मला सांगू नका हवं तर. डॉक्टरांच्या कानात सांगा.”

हेमाचा हात पोटाकडे निघाला होता, तो तिने पदर सावरण्याच्या निमित्ताने फिरवला. सासूबाई माझ्याजवळ आल्या.

“तुला दोनदा न्हाई टिकलं,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “म्हणून साऱ्या जगाची पोटं चाचपत फिरू नगंस.”

हळू म्हणाल्या, पण मशिनी नेमक्या थांबलेल्या होत्या. सगळ्यांनी ऐकलं. डॉक्टरांनी इंजेक्शनची सुई उजेडात धरून फार लक्षपूर्वक पाहिली. मी जिना चढून वर गेले. टिंकूची किंकाळी वरपर्यंत ऐकू आली, आणि मला थोडं बरं वाटलं हे कबूल करते.

तीन दिवसांत पुरळ गेलं. “बघितलंस, आमसुलाचा गुण!” असं वन्सं जाताना मला मुद्दाम सांगून गेल्या.

पुढचं सगळं सरळ रेषेत झालं. जूनमध्ये पेढे वाटले आणि मलाही एक मिळाला, जणू मला तेव्हाच कळत होतं. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. त्या दिवशी मी दुपारपाळी मागून घेतली, म्हणजे कोणाला कडी लावायचे कष्ट नकोत. नोव्हेंबरात हेमाला मुलगी झाली. मांडीवर मुलगा बसवूनसुद्धा. नाव ठेवलं केतकी.

केतकी सहा महिन्यांची असताना, एकदा सगळे जेवायला बसले होते तेव्हा, मी तिच्या पाठीमागे कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवला. तिने मान वळवली नाही. मी तो फरशीवर आपटला. सासूबाईंच्या हातातली वाटी सांडली. केतकी आपली स्वतःच्या पायाचा अंगठा चोखत राहिली.

“हिला ऐकू येत नाही,” मी म्हणाले.

सासूबाईंनी आधी मीठमोहऱ्या ओवाळल्या. नजर लागली म्हणे. कोणाची ते त्यांनी सांगितलं नाही, माझ्याकडे पाहत राहिल्या फक्त. पण हेमाचा नवरा शहाणा निघाला. त्याने दोघींना पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी हेमाला पहिला प्रश्न विचारला, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अंगावर काही उठलं होतं का? हेमा म्हणाली, पित्त उठलं होतं. ते म्हणाले, बाई, ते पित्त नव्हतं.

पुण्याहून आल्यावर हेमा उंबऱ्यातच उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “ताईंनी सांगितलं होतं. एकट्या ताईंनी सांगितलं होतं.”

त्या दिवसापासून या घरात माझं राज्य आलं. सासूबाई पुढे सतरा वर्षं जगल्या, पण माझ्यासमोर त्यांचा आवाज पुन्हा चढला नाही. वन्सं माहेरी आल्या की माझ्या आधी चहा घेत नसत. डॉक्टर ढवळे रस्त्यात दिसले की स्कूटर दुसऱ्या आळीला वळवत. ‘मी सांगितलं होतं’ हे तीन शब्द मी कधी तोंडाने म्हटले नाहीत. म्हणायची गरजच पडली नाही. त्यांच्याकडे नुसतं पाहिलं तरी पुरे व्हायचं. इतका सुंदर सूड कोणाला मिळतो?

केतकीलाही मीच वाढवलं म्हटलं तरी चालेल. मला पुढे मूल झालं नाही. दर पंधरा दिवसांनी तिला घेऊन पुण्याला बोलण्याच्या वर्गाला जायचं काम मी आपणहून घेतलं. कानाला यंत्र लावलं तरी तिला भांडं पडल्याचा आवाज तेवढा कळायचा. बाकी सगळं ती ओठांवरून वाचायला शिकली. तिथल्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, प, ब, भ आणि म ओठांवर एकसारखेच दिसतात. तिला पापा, बाबा आणि मामा हा एकच माणूस. मागचापुढचा शब्द बघून तिने ओळखायचं. ती बहुतेक वेळा ओळखायचीही. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सगळं कुजबुजून चालत आलेलं. आता कुजबुजीची पंचाईत झाली, कारण कुजबुजलेलं केतकीला अख्ख्या खोलीच्या पलीकडून कळायचं. सासूबाई शेवटी शेवटी देवाशी बोलतानासुद्धा तोंडावर पदर घेत.

रुसली की मात्र ती तोंड फिरवायची. बहिऱ्या माणसाने तोंड फिरवलं की दार लागलं. तुम्ही ओरडा, रडा, माफी मागा. तुमचं बोलणं तुमच्यापाशीच राहतं.

“काकू असावी तर अशी,” असं गाव म्हणायचं. मी म्हणू देत होते.

आता केतकी तेहेतीस वर्षांची आहे. दुकान तीच चालवते. कापड बेतावं तर तिनेच. चार मशिनींच्या जागी दहा झाल्यात आणि त्या गोंगाटात शांत डोक्याने काम करणारी ती एकटीच आहे. हेमा तीन वर्षांपूर्वी गेली. केतकीला चार वर्षांची मुलगी आहे, ओवी. तिला अगदी सुई पडलेलीसुद्धा ऐकू येते आणि ती दिवसभर सगळ्यांच्या वतीने बोलत असते.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. दुपारी केतकीने मला खाली बोलावलं. ओवीला बेतायच्या टेबलावर उभं केलं होतं, अंगावर पुरळ.

“काकू, बघ.” केतकीचा आवाज सपाट आणि मोठा आहे, पण शब्द स्वच्छ. ते शब्द मी घडवलेत.

मी ओवीला उजेडात घेतलं. माझी बोटं आपोआप तिच्या कानांमागे गेली. गाठी नव्हत्या. पोटावर मोठमोठ्या गांधी, आणि पोरगी दोन्ही हातांनी खाजवतेय. मी केतकीकडे तोंड केलं.

“घाबरू नकोस. काही नाही. रात्री काय खाल्लं होतं?”

“भजी!” ओवी म्हणाली.

मला हसूच आलं. केतकीने सुस्कारा सोडला आणि माझा हात धरला.

“तू म्हणालीस म्हणजे झालं. आई नेहमी सांगायची, सगळ्या घराने फसवलं, डॉक्टरने फसवलं, एकटी तुझी काकू खरं बोलली. मीसुद्धा ओवीला तेच सांगते.”

माझ्या हातावर तिचा हात तसाच होता. सुईने टोचून टोचून खरखरीत झालेला. आणि का कोण जाणे, मला ते सहन झालं नाही. तेहेतीस वर्षं गिळलं होतं. त्या दुपारी गिळवेना.

कारण एक गोष्ट मी सगळ्यांपासून लपवली होती. तुम्हालाही मघाशी गाळूनच सांगितलं.

“माझ्याकडे बघ,” मी केतकीला म्हणाले आणि उजेडात बसले. “टिंकूला उठलं, त्यानंतर सतरा दिवसांनी तुझी आई वर आली होती. माझ्या खोलीत. एकटी.”

तिने मान हलवली. कळलं.

हेमा दारात उभी होती, बाही वर सरकवून. दंडावर बारीक गुलाबी ठिपके. “ताई, हे बघता का जरा? पित्तच आहे ना?” मी तिला आत घेतलं आणि तिच्या कानांमागे बोटं घातली. दाणे होते. दोन्हीकडे. मी थांबले. तिला मुद्दाम वेळ दिला. आता तरी सांगेल, म्हटलं. आता तरी म्हणेल की ताई, मला दिवस गेलेत, माझं चुकलं, तुमच्यासमोर दार लावून घेतलं. ती बोलली नाही. खाली मान घालून उभी राहिली. सासूबाईंनी घातलेली शपथ ती पाळत होती, वेडी. आणि मी विचार केला, ठीक आहे. माझी नजर नको ना? मग माझी विद्याही नको.

हे सगळं मी केतकीला सांगितलं. सावकाश, एकेक वाक्य. ती माझ्या ओठांवरची नजर काढत नव्हती.

“मला माहीत होतं ते काय आहे,” मी म्हणाले. “त्या दिवशी सांगितलं असतं तर तुझ्या आईला पुण्याला नेता आलं असतं. पुढे काय करायचं ते त्यांनी ठरवलं असतं. कदाचित तू नसतीस. कदाचित असतीस, आणि पहिल्या महिन्यापासून तुझ्या कानाला यंत्र असतं. मला माहीत नाही. पण मी ते सांगितलं नाही. मी तिला म्हणाले, पित्त.”

केतकीच्या भुवया जवळ आल्या. ती तो शब्द स्वतःच्या ओठांवर फिरवून पाहत होती. मग तिचा चेहरा एकदम मऊ झाला.

“भीत?” ती म्हणाली. “तू भीत होतीस?”



“भीत होतीस,” तिने स्वतःच ठरवून टाकलं. माझा हात थोपटला. “आजीला. आजीला सगळेच भीत होते. आईसुद्धा. असू दे, काकू.”

असू दे! किती सोपं होतं. एक सून, एक खाष्ट सासू, दोन गेलेले गर्भ, आणि भीती. कोणीही डोळे पुसले असते. मी नुसती मान हलवली असती तरी झालं असतं. प, ब, भ, म ही चारही अक्षरं ओठांवर सारखी दिसतात ही काही माझी चूक नव्हे. ज्या माणसांनी मला हिणवलं ती सगळी खोटं बोलून सुखाने मेली. मीच का म्हणून एका अक्षरासाठी हटून बसावं?

टेबलावर निळं गणवेशाचं कापड पसरलेलं होतं. मी शिवणाचा खडू उचलला आणि त्या कापडावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: पित्त.

केतकीने वाचलं. मग तिने ओवीच्या पोटाकडे पाहिलं, मग पुन्हा त्या अक्षरांकडे, मग माझ्याकडे. सगळ्यात शेवटी माझ्या बोटांकडे पाहिलं, जी मघाशी ओवीच्या कानांमागे गेली होती.

“भीत नव्हतीस,” ती म्हणाली.

“नाही.”

“मग?”

“राग आला होता,” मी म्हणाले. “दाराला कडी लावली म्हणून.”

तिने हे नीट वाचलं. पुन्हा म्हणायला लावलं नाही. ब्रश घेऊन तिने ती अक्षरं हलकेच झटकली, कापडावर खडूचा डाग राहू नये इतपत. मग ती वळली, माझ्याकडे पाठ केली, कात्री उचलली आणि समोरच्या थप्पीतलं कापड बेतायला लागली.

मी तिच्या पाठीशी बोलत राहिले. बऱ्याच गोष्टी म्हणाले. पुण्याच्या खेपा, किल्ल्यांचा जुडगा, हेमाने मरेपर्यंत ही गोष्ट कोणाला कशी सांगितली नाही, ती विसरली होती की तिने मला वाचवलं हे मला आजही कसं कळत नाही. माझं चुकलं, असंही म्हणाले. दोनदा म्हणाले. कात्री न थांबता चालत होती.

ओवी टेबलावर बसून पोट खाजवत माझ्याकडे बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

“आजी, आईला ऐकू येत नाही. तुला माहीत नाही का?”

“माहीत होतं मला,” मी म्हणाले.